चौथ्या नंबरचं घर

आमागासाकी
३ सप्टेंबर २०१६

प्रिय तोमी,

सुकवलेल्या ऑक्टोपसचं पुडकं पोचलं. दातांनी नको नको म्हटलं, पण मी त्यांचं ऐकलं नाही. चार दिवसांत फस्त.

आता कामाचं बोलते. परवा माझ्या मुलीने एक पुस्तिका आणून दिली. उघडून बघते तर आपलं ओरिजिमा! नकाशावर सगळीकडे आकडे. शाळेत काचेचे गोळे टांगलेत, भाताच्या कोठारात कोणी परदेशी माणसाने आरसे लावलेत, आणि एका घरात म्हणे नुसतं पाणी भरून ठेवलंय. मुलगी म्हणाली, "आई, तू इथलीच ना? इथे विमानाने माणसं येतात आणि तू चौदा वर्षांत फिरकली नाहीस." मला लाज वाटली. इकडे लॉन्ड्रीत लोकांचे शर्ट इस्त्री करण्यात जन्म गेला, आणि तिकडे आपलं बेट जगात गाजलं.

तर माझ्या मनात असं आहे की आपण तिघी यंदा सत्तरीच्या झालो. ऑक्टोबरात मी येते आणि चिझुरुला घेऊन येते. हसू नकोस. मी तिला फोन केला. मला वाटलं नेहमीसारखं म्हणेल, "बघू." एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसली ती पुन्हा आली नाही, बापाच्या अंत्यविधीलाही नाही. ती राहते ते ओकायामा काही दूर नाही, रेल्वे आणि बोट धरून दीड तास. आणि एक्कावन्न वर्षं! पण या वेळी म्हणाली, "चालेल. तोमी आहे ना तिथे?"

म्हणजे तू आहेस म्हणून येतेय. बघ किती भाव आहे तुला.

दिवस तू ठरव. मला सगळी घरं बघायची आहेत. प्रत्येक घरी एक शिक्का मारून देतात म्हणे, तो घ्यायला वही विकत घेऊन ठेवलीय.

तुझी,
मिसाओ


ओरिजिमा
९ सप्टेंबर

मिसाओ,

पत्र दोनदा वाचलं. गेन्झोला सांगितलं तर म्हणाला, "येऊ दे की, खोल्या रिकाम्याच आहेत." त्याचं काय जातंय. नवऱ्यांना काय, सकाळी जाळी टाकायची, दुपारी घोरायचं.

या. पण सोमवारी या. सोमवारी ही सगळी कलेची घरं बंद असतात.

का ते सांगते, आणि हे चिझुरुला कळता कामा नये. तुझ्या पुस्तिकेतलं पाण्याचं घर, चौथ्या नंबरचं, ते तिचं घर आहे. त्या फोटोवरून तुला ओळखू येणार नाही. डेन्मार्कहून एक बाई आली, तिने आतल्या भिंती काढल्या, जमीन उखडली, काळी माती चोपून बसवली आणि वर पाणी सोडलं. कडेने एक फळी. छताला एक चौकोनी भोक. लोक त्या फळीवरून फिरतात, पाण्यात आभाळ बघतात आणि बाहेर येऊन उसासे टाकतात.

मला कसं माहीत म्हणशील, तर मंगळवार, गुरुवार, शनिवार मीच तिथे दारात बसते. तिकीट बघायचं, जोडे नीट लावायला सांगायचं, शिक्का मारायचा. एकाने विचारलं, "आजी, याचा अर्थ काय?" मी म्हटलं, "पाय ओले करू नका, एवढाच अर्थ मला सांगितलाय."

पण गोष्ट हसण्यासारखी नाही. बारा वर्षांपूर्वी आमचा मासातो बायकोपोरांना घेऊन बेटावर परत यायचं म्हणत होता. बेटावर रिकामी घरं पन्नास, पण कुणाची कौलं पडलेली, कुणाच्या मालकाचा पत्ता नाही. धड उभं असलेलं एकच, चिझुरुचं. तिचे वडील गेल्यापासून ते तिच्या धाकट्या भावाच्या, कुनिहिकोच्या ताब्यात होतं. तो राहायचा बायकोच्या घरी, बंदरावर. मासातो त्याच्याकडे गेला, भाड्याने द्या म्हणाला. कुनिहिको म्हणाला, "विचार करून सांगतो." महिनाभराने कळलं की घर कलेच्या लोकांना दिलं. मासातोला तोंडावर सांगायचीही हिंमत झाली नाही त्याला. मासातोने मग ताकामात्सु शहरात घर घेतलं. त्याची दोन पोरं आली असती तर शाळेत पाच झाली असती, शाळा बंद पडली नसती. आता त्याच शाळेत काचेचे गोळे लटकतायत.

तेव्हापासून मी कुनिहिकोशी बोललेले नाही. तो बंदरावर बोटीचे दोर बांधतो. मी बोटीतून उतरते, तो माझ्यासमोर असतो, आणि मी समुद्राकडे बघते. बारा वर्षं. दोनशे ऐंशी माणसांच्या बेटावर हे सोपं नाही, तू करून बघ.

मग त्याच घराच्या दारात का बसतेस, असं गेन्झोही विचारतो. ज्या घरात माझी नातवंडं खेळायची, तिथे जोडे कोण कुठे काढतंय हे मी नाही तर कोण बघणार?

चिझुरुला यातलं काही ठाऊक नसणार. त्या माणसाने बहिणीला विचारलं असेल असं मला वाटत नाही. एवढ्या वर्षांनी येतेय, तर येताच तिला तिकीट काढून स्वतःच्या घरात जायला लावू नकोस. सोमवारी या. ऑक्टोपसभात करते.

तोमिए


आमागासाकी
२० सप्टेंबर

तोमी,

अगं, सोमवारी येऊन मी काय बंद दारं बघू? वही कोरीच राहील.

थट्टा बाजूला. तुझं पत्र वाचून मला कसंतरीच झालं. मासातो येणार होता एवढं तू सांगितलं होतंस, पण ते का फिसकटलं ते कधी बोलली नाहीस. आणि कुनिहिको! नाकाला शेंबूड आणि बहिणीच्या झग्याचं टोक हातात, असा तो पोरगा. तो असं वागेल असं वाटलं नव्हतं.

मी चिझुरुला हळूच चाचपून बघितलं. फोनवर म्हटलं, "तुमचं घर कसं असेल गं आता?" ती म्हणाली, "कौलं चांगली होती." आणि लगेच विचारलं, "पाऊस असेल का तेव्हा?" म्हणजे तिला काही माहीत नाही, तू म्हणतेस तेच खरं. मी विषय वाढवला नाही.

पण सोमवार तिला जमत नाही. सोमवारी ती शेजारच्या आंधळ्या बाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवते. ती म्हणाली गुरुवार, तेरा तारीख. आणि एक अट घातली. मुक्काम नाही. सकाळच्या बोटीने यायचं, शेवटच्या बोटीने परत. मी पुष्कळ विनवलं. "मिसाओ, मी तिथे झोपणार नाही," एवढंच म्हणाली. चिडून नाही, साधंच.

गुरुवारी तू दारात असशील. कुणाला तरी बदली बसव आणि आमच्याबरोबर फिर. मी तिला चार नंबर सोडून सगळीकडे नेते. नकाशा माझ्याच हातात राहील, काळजी करू नकोस.

मिसाओ


आमागासाकी
१९ ऑक्टोबर

प्रिय तोमी,

पाय अजून दुखतायत, पण तो ऑक्टोपसभात आठवला की दुखणं विसरते. गेन्झोला सांग, त्याचे केस गेले तरी तो अजून तसाच चावट आहे.

नकाशा माझ्याच हातात होता, हे तू विसरू नकोस. माझी चूक नाही. तुला बदली मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघीच फिरत होतो. शाळा झाली, आरशांचं कोठार झालं. कोठारातून बाहेर आल्यावर मी उजवीकडे वळले आणि चिझुरु सरळ चालत राहिली. मी म्हटलं, "पाच नंबर इकडे आहे." ती म्हणाली, "मध्ये चार येतो ना?" बाकी तुला माहीतच आहे. तू आम्हाला येताना बघून शिक्का हातातून पाडलास, तो लोळत माझ्या पायाशी आला.

आत काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून सांगते. आम्ही फळीवर उभ्या राहिलो. खरं सांगू? सुंदर आहे गं. मी तुझ्यासारखी रोज बघत नाही म्हणून असेल. पाणी काळंभोर, त्यात तो चौकोन, आणि चौकोनातून एक घार गेली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. चिझुरु पार टोकाला, मागच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. तुम्ही पाच पाच माणसं सोडता ना? आमच्या बरोबरची माणसं गेली, दुसरी आली, तीही गेली. ती हलेना. मी म्हटलं, "चल आता." ती म्हणाली, "किती खोल असेल?" मी म्हटलं, "तोमीला विचारू." बाहेर आल्यावर तिने तुला विचारलं आणि तू म्हणालीस, "बोटाच्या पेराएवढं." ती म्हणाली, "एवढंच? मला विहिरीसारखं वाटलं."

तोमी, मला वाटतं तिने घर ओळखलंच नाही. आतून काही उरलेलंच नाही ना. कलेने भारावली बिचारी. आपण उगाच घाबरलो. उलट मला बरं वाटलं, तिच्यासारख्या कोरड्या बाईला असं काहीतरी भिडलं.

पण बंदरावर काय झालं? मी खाऊच्या खारट गोळ्या घ्यायला दुकानात गेले तेव्हा तुम्ही दोघी ठीक होतात. पाच मिनिटांत बाहेर येते तर तू पाठ फिरवून तरातरा चढ चढतेयस, आणि चिझुरु पांढरीफटक. बोटीत एक शब्द नाही. गाडीत नाही. ओकायामाला उतरताना मला वाकून नमस्कार केला, परक्या माणसाला करतात तसा. मी पन्नास वर्षांत तिच्याकडून असला नमस्कार घेतला नव्हता.

काय ते मला लिही. मी मधल्या मधे लोंबकळतेय.

मिसाओ


ओरिजिमा
२५ ऑक्टोबर

मिसाओ,

ओळखलं नाही म्हणतेस? तू पहिल्यापासून भोळी. तिने दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा मी तिच्या पायाकडे बघत होते. पूर्वी तिथे एक पायरी खाली होती. डेन्मार्कच्या बाईने ती बुजवून सपाट केली. चिझुरुचा पाय पायरी उतरल्यासारखा पडला आणि तिचा तोल गेला. तू तिचा हात धरलास. एक्कावन्न वर्षांनी पायाला पायरी आठवत होती, आणि तू म्हणतेस ओळखलं नाही.

मी तिथे काही बोलले नाही. पाच माणसं रांगेत उभी होती. मला वाटलं, कळलंय तिला, आता बंदरावर विचारेल, मी सांगेन.

तू दुकानात गेलीस. मी बाकावर राहिलेली तिची छत्री आणायला गेले. परत येते तर ती दोरांच्या खुंटाजवळ कुनिहिकोसमोर उभी. तो खाली मान घालून. आणि ती काय करत होती सांगू? त्याच्या जाकिटाची कॉलर सरळ करत होती. ज्याने तिच्या पाठीमागे तिचं घर विकलं, त्याची कॉलर! मिसाओ, माझं डोकं फिरलं.

मी पुढे जाऊन म्हटलं, "चिझुरु, आज तू तिकीट काढून जे घर बघितलंस ते ह्याने दिलंय. माझा मासातो हात जोडून गेला होता, त्याला न देता दिलंय."

कुनिहिको म्हणाला, "तोमीताई, जाऊ द्या."

बारा वर्षांत मला उद्देशून त्याचे हे पहिले शब्द. जाऊ द्या! मी म्हटलं, "मी तुझ्याशी बोलत नाहीये. बारा वर्षं बोलले नाही, आताही नाही."

चिझुरुने माझ्याकडे बघितलं. "तू ह्याच्याशी बारा वर्षं बोलली नाहीस?"

"नाही. माझ्यासाठीही आणि तुझ्यासाठीही. तू इथे नव्हतीस, तर तुझ्या वाटणीचा रागही मीच धरला."

 ती भावाकडे वळून म्हणाली, "तू सांगितलं का नाहीस मला?"  बोटीने भोंगा दिला. मी छत्री तिच्या हातात कोंबली आणि निघाले. मागे वळून बघितलं असतं तर रडले असते, आणि त्या माणसासमोर मला रडायचं नव्हतं.

आता वाटतं, भांडायला मला नेमकी तीच जागा सापडावी. चुकलं असेल. पण खोटं काय बोलले ते तू सांग.

तोमिए


ओकायामा
४ नोव्हेंबर

तोमी,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. हे पाचवं. यात जे चुकलं असेल ते राहू दे.

घर कुनिहिकोने विकलं नाही. मी विकलं. वडील गेले तेव्हा तो मला म्हणाला, "घर तू घे, तुला हवं ते कर." कागद माझ्या नावाचे आहेत. मासातो त्याच्याकडे गेल्यावर त्याने त्याच दिवशी मला फोन केला. म्हणाला, "तोमीताईंचा मुलगा मागतोय. देऊ या ना? दोन लहान मुलं आहेत." मी नाही म्हटलं. तो दुसऱ्यांदा विचारायला ओकायामाला आला. मी पुन्हा नाही म्हटलं. मग कलेच्या लोकांचं पत्र आलं आणि त्यांना मी हो म्हटलं. माझं नाव कुणाला सांगायचं नाही, असं मी त्याच्याकडून वदवून घेतलं. तू त्याच्याशी बोलणं टाकलंयस हे त्याने मला एकदाही सांगितलं नाही. मी दरवर्षी फोनवर विचारायचे, "तोमी कशी आहे?" तो म्हणायचा, "ठणठणीत."

मासातो तुझा मुलगा आहे, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं लिहून सुटता आलं असतं. पहिल्या चारांपैकी एका पत्रात मी तसं लिहिलंही होतं.

आता का, ते. माझी आई पोटदुखीने गेली हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. दुपारी दुखायला लागलं. चारची बोट निघून गेली होती. बेटावर मोटरची बोट एकच होती, तुझ्या वडिलांची. तुझं घर आमच्यापासून साठ पावलांवर. पण त्या वर्षी आपल्या दोघींच्या वडिलांचं ऑक्टोपस पकडायची मडकी समुद्रात कुठे सोडायची यावरून भांडण झालं होतं, बोलणं बंद होतं. वडील म्हणाले, "सकाळच्या बोटीने नेऊ." मी म्हटलं, "मी जाऊन सांगते तोमीच्या बाबांना." ते दारात उभे राहिले. म्हणाले, "त्या माणसाच्या दारात आपल्यातलं कुणी जाणार नाही." मी अठरा वर्षांची होते. मला त्यांना ढकलून जाता आलं असतं. मी गेले नाही. सकाळची बोट आली तेव्हा न्यायला कुणी उरलं नव्हतं.

तुला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू तुझ्या वडिलांकडे कुठल्या नजरेने बघितलं असतंस? त्यांना बिचाऱ्यांना कुणी हाकच मारली नाही. त्यांचा काय दोष?

मागच्या कोपऱ्यात, जिथे मी उभी होते, तिथे आईचं अंथरूण होतं. त्या खोलीत कुणाचं मूल झोपू नये, त्या घरात कुणी भात शिजवू नये, जमीनच राहू नये, असं मला वाटत होतं. म्हणून त्या डेन्मार्कच्या बाईंनी जमीन काढायची परवानगी मागितली, तेव्हा मी लगेच दिली.

मला वाटलं होतं बघून हायसं वाटेल. नाही वाटलं. तिथे उभी राहून पाण्यात बघत होते आणि मनात एवढंच येत होतं, की इथे दोन पोरांनी धुडगूस घातला असता तर बरं झालं असतं.

तू माझ्यावर रागाव. पण कुनिहिकोवर नको. ते माझं ओझं होतं, बारा वर्षं त्याने वाहिलं.

चिझुरु


आमागासाकी
८ जानेवारी २०१७

तोमी,

नवीन वर्षाचं कार्ड ना तुझं आलं, ना तिचं. गेल्या पन्नास वर्षांत असं झालेलं नाही. चिझुरुला फोन केला तर म्हणाली, "मी तोमीला पत्र लिहिलंय. उत्तर नाही. बरोबरच आहे." पुढे काही सांगेना. तुमच्याकडे फोन केला तर गेन्झोने उचलला. म्हणतो, "ती कोबी लावतेय." मी म्हटलं, "संध्याकाळी सात वाजता?" तर म्हणे, "हो, भरपूर कोबी आहे."

चिझुरुला मीच त्या बोटीत बसवलं. नसती उठाठेव केली असं वाटायला लागलंय. मला कुणाची बाजू घ्यायला सांगू नका, पण जिवंत आहात एवढं तरी कळवा.

मिसाओ


ओरिजिमा
२७ जानेवारी २०१७

चिझुरु,

तुझं पत्र मी तांदळाच्या डब्यावर ठेवलं होतं. रोज भात घेताना दिसायचं. उत्तर द्यायला तीन महिने लागले. पहिला महिना रागात गेला. घर विकलंस याचा राग कमी. ठाऊक असून विकलंस याचा जास्त. मासातोचं नाव ऐकूनही तू नाही म्हणालीस, ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचायची आणि कोबीला पाणी घालायला जायची. यंदा कोबी कुजला.

दुसरा महिना वडिलांचा. तुला एक सांगते, ते तुला माहीत नसेल. तुझी आई गेली त्या संध्याकाळी माझे वडील ओट्यावर बसून दोर विणत होते. मी आत होते. तुमच्या घरून कण्हण्याचा आवाज येत होता. आई म्हणाली, "जाऊन विचारा तरी." ते म्हणाले, "त्यांनी हाक मारली की जाईन." ते उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. बोटीत तेल भरलेलं होतं. म्हणजे वाट बघत होते, चिझुरु. साठ पावलांच्या दोन्ही टोकांना दोघं वाट बघत बसले. पुढच्या महिन्यात त्यांनी ती बोट पलीकडच्या गावच्या माणसाला देऊन टाकली. का, ते कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, इंजिन बिघडलं असेल. मी पण तो आवाज ऐकला होता आणि मी पण उठले नाही. अठरा वर्षांची मी पण होते.

हे मी कुणाला बोललेले नाही. गेन्झोलाही नाही.

मग तिसऱ्या महिन्यात माझ्या डोक्यात आलं की मी बारा वर्षं काय करत होते? बंदरावर तोच खेळ. त्याने हाक मारली तर बघू.

गेल्या मंगळवारी सकाळी मी बंदरावर गेले. बोट यायला दहा मिनिटं होती. कुनिहिको खुंटाजवळ दोर सोडवत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. घरून निघताना पुष्कळ वाक्यं तयार केली होती. एकही आठवेना. शेवटी म्हटलं, "आज बोट उशिरा आहे का?"

तो म्हणाला, "नाही, वेळेवर आहे."

मग आम्ही दोघंही समुद्राकडे बघत बसलो. थोड्या वेळाने मी म्हटलं, "चिझुरुने मला लिहिलंय. सगळं." त्याने मान हलवली. मी म्हटलं, "मूर्खा, एका शब्दाने सांगायचं होतंस. मी कुणाला बोलले असते का?"

तर काय म्हणाला माहीत आहे? "तोमीताई, मला रोज भीती वाटायची की तुम्ही विचाराल, आणि मला तुमच्याशी खोटं बोलावं लागेल. तुम्ही बोलणंच टाकलंत. मला ते सोपं गेलं."

मला आधी हसू आलं. मग जे व्हायचं ते झालं. बोटीतून पर्यटक उतरत होते आणि त्यांच्यासमोर मी लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडत होते. एका मुलीने मला रुमाल दिला. कुनिहिको त्यांना सांगत होता, "पाण्याचं घर? सरळ वर जा, डावीकडे. आज थोडं उशिरा उघडेल."

रात्रीच्या जेवणाला त्याला आणि त्याच्या बायकोला बोलावलं. गेन्झोने त्याच्याशी जाळ्यांच्या भावावरून वाद घातला, जणू मधली बारा वर्षं झालीच नाहीत. पुरुषांना हे बरं जमतं. मी सतरा वेळा विचारलं, "अजून भात?" तो तीनदा हो म्हणाला.

हे झालं त्याचं. आता तुझं.

तुला माफ केलं असं मी लिहिलं होतं. तो कागद फाडून टाकला, कारण ते अजून खरं नाही. कधीकधी मी त्या दारात बसलेली असते, आत कुणाचं तरी लेकरू फळीवरून धावतं, त्याची आई ओरडते, आणि मला तुझा राग येतो. येत राहील बहुतेक. पण मी बोलणं बंद करणार नाही, एवढं नक्की. रागावून बोलेन, पण बोलेन.

मिसाओला आजच कार्ड टाकलंय. तिला हे सगळं तू सांग, मी सांगितलं तर दर वाक्याला मध्ये बोलेल.

मासातोला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, ते तुझ्याच तोंडून कळू दे. तो अजून कुनिहिकोला नमस्कारही करत नाही, माझंच बघून शिकला. थोरली नात आता अठरा वर्षांची आहे. मार्चमध्ये विषुवदिनाच्या सुमारास ते सगळे पूर्वजांच्या कबरी धुवायला येतात. यंदा एकोणिसाला, रविवारी, सकाळच्या बोटीने येणार आहेत.

तू अठराला ये. मुक्कामाला. तुझं अंथरूण माझ्या खोलीत घालते.

तोमी